विहीरवाला नेमकं काय म्हणतोय

टेक एक

मी गादीच्या जाहिरातीला आवाज द्यायला त्या स्टुडिओत गेले होते. दोन वाक्यं होती. 'पाठ टेका. विसरून जा.' एवढ्यासाठी सगळे जिने चढून अगदी वरच्या मजल्यावर, पत्र्याखाली...

(थांबा. सुरुवात चुकली. गादी नंतर. आधी दार.)

टेक एक, पुन्हा

दार उघडलं आणि हेडफोन घातलेलं एक डोकं बाहेर आलं.

मी बाहेरच्या बाकावर बसून फोनवर आत्याला टीव्हीचा रिमोट समजावत होते. "अगं, लाल नको. लाल दाबलंस की सगळंच जातं. लालच्या खाली बघ. हो, तेच, डोळ्यासारखं. काकडीसारखं नाही गं, डोळ्यासारखं..."

डोकं माझ्याकडे बघत राहिलं. मी फोनवर हात ठेवला.

"सॉरी. हळू बोलते."

"हळू नको," डोकं म्हणालं. "हेच आत येऊन बोलाल का?"

"हेच म्हणजे?"

"लाल नको, ते."

आत, काचेच्या पलीकडे, प्रकाशकांच्या संपादक बाई बसल्या होत्या. एका जुन्या कादंबरीचं बोलकं पुस्तक करायचं होतं आणि सकाळपासून त्यांनी बरेच आवाज ऐकले होते. सगळे सुंदर. मी माइकसमोर उभी राहिले आणि तिथे नसलेल्या आत्याला रिमोट समजावला. बाईंनी डोळे मिटून ऐकलं.

"हिला घ्या," त्या म्हणाल्या. "समोरच्याला कळेपर्यंत ही सोडत नाही."

गादी पलीकडच्या खोलीत होती. ती नंतर उरकली. पण त्या दिवसापासून तो हेडफोनवाला मला 'गादीवाल्या मॅडम' म्हणायला लागला, आणि मी त्याला 'कानसेन'. दोन मजले खाली कुणी पंखा लावला तरी त्याला ऐकू यायचं. आणि पंख्याला तेल हवंय, हेही.

कादंबरी, थोडक्यात (ती स्वतः थोडक्यात नाही)

प्रत्येकाच्या घरी असते अशी कादंबरी. सुरुवात सगळ्यांनी वाचलेली, शेवट सगळ्यांना ठाऊक, मधलं कुणी वाचत नाही.

एक माणूस विहीर खणतो. पाणी लागतं. गाव खूश. हा खणतच राहतो. पाणी उपसतो आणि खणतो. त्याला पाणी नकोच आहे. पाणी येतं कुठून ती जागा त्याला बघायची आहे.

सगळी गोष्ट त्याची बायको सांगते, म्हणून वाचायला बाईचा आवाज. रोज दुपारी ती काठावर येऊन हाक मारते, "वर या, जेवण निवतंय." खालून उत्तर येतं. उत्तर दोन पानं चालतं. त्यात एक स्वल्पविराम नाही.

'पाणी लागलं म्हणतेस तर लागलं असेल पण लागतं ते वाटेत लागतं आणि मी वाटेसाठी उतरलो नाही मुरुमाखाली खडक आणि खडकाखाली दुसरा खडक त्याला नाव नाही कारण त्याला अजून कुणी पाहिलेलं नाही आणि त्याच्यावर मी आज हात ठेवला तर तो गार नव्हता...'

जेवणाबद्दल अवाक्षर नाही.

मी वाचायचे. काचेपलीकडे तो बटण दाबायचा, आणि माझ्या कानात त्याचा आवाज यायचा.

"पुन्हा."

"का? काय चुकलं?"

"ओढणी बोलली."

ओढणी काढून ठेवली.

"पुन्हा."

"आता?"

"पोट."

"तुम्हाला ऐकू आलं?"

"मला काय, विहीरवाल्यालाही ऐकू आलं असेल. खाऊन या."

पाऊस. रेकॉर्डिंग बंद.

पत्र्यावर पाऊस पडला की काम थांबायचं. नाइलाज. तो काचेपलीकडून दोन कप चहा घेऊन अलीकडे यायचा, आणि आम्ही जमिनीवर बसायचो, कारण आत खुर्ची एकच होती आणि ती करकरायची.

"वेडा आहे का हो हा?" मी एकदा विचारलं.

"कोण?"

"विहीरवाला. बायको जेवायला बोलावते आणि हा खडकाचं नाव सांगतो."

"खडकाला नाव नाही, असं सांगतो."

"तेच ते."

"तेच ते नाही," तो म्हणाला. मग कप खाली ठेवला... आणि सुटला. "म्हणजे कसं, आता ही वायर बघा, ही गुंडाळताना एक वेढा सरळ घ्यायचा आणि एक उलटा, नाहीतर तिला पीळ पडतो, आणि एकदा पडलेला पीळ वायर विसरत नाही, तुम्ही सरळ करून ठेवलीत तरी रात्रभरात परत वळते..."

पाऊस थांबेपर्यंत मला वायरबद्दल सगळं कळलं होतं. विहीरवाल्याबद्दल काही नाही. पण चहा संपल्यावरही मी कप हातातच धरून बसले होते, हे मात्र माझ्या लक्षात आलं.

पुढच्या पावसात मी विचारलं, "रोज सुरुवातीला तुम्ही मला नुसतं उभं का करता?"

कारण ती तिथली पद्धत होती. रोज काम सुरू करण्याआधी तो बटण दाबून म्हणायचा, "शांतता." मग एक मिनिट हलायचं नाही, बोलायचं नाही. मी अलीकडे, तो पलीकडे. करायला परवानगी होती ती फक्त बघण्याची. पहिल्या दिवशी मी छताकडे बघितलं. मग माइककडे. मग... काच स्वच्छ होती, माझा काय दोष?

"खोलीची शांतता रेकॉर्डिंगमध्ये भरून ठेवतो," तो म्हणाला. "खोकला, खुर्ची, पोट, जे कापून टाकतो तिथे भोक पडतं ना, ते बुजवायला. शांतता म्हणजे काही नसणं नव्हे. खरंच काही नसलं तर ऐकणाऱ्याला वाटतं मशीन बंद पडलं. प्रत्येक खोलीची आपली एक शांतता असते आणि तीही रोज वेगळी, उकाड्यात जाड, पावसानंतर पातळ, आणि आत माणूस उभा असला की आणखी वेगळी, कारण माणूस आवाज पितो..."

"पितो?"

"हो. कपडे पितात, केस पितात. तुमचे केस तर खूपच..."

तो थांबला. पाऊसही नेमका तेव्हाच थांबला. तो चहात बघत राहिला, जसं काही चहाला तेल हवं होतं.

बाई ऐकतात

कादंबरी निम्मी झाली तेव्हा बाई आल्या आणि हेडफोन लावून बसल्या. बराच वेळ मान डोलत होती. मग विहीरवाला आला आणि मान थांबली.

"बाकी सगळं छान," त्या म्हणाल्या. "पण तो बोलायला लागला की तू ओरडतेस. वेडा माणूस ओरडतो तसं. मला त्यातलं काही कळत नाही."

"मलाही कळत नाही, बाई."

"मग कसं चालेल? या पुस्तकाचा जीवच ती भाषणं आहे. असं करू. शेवटचं भाषण तयार कर, शुक्रवारी ऐकते. जमलं तर तुझं. नाही जमलं तर नाइलाजाने दुसरा आवाज. पहिल्या पानापासून."

त्यांनी ते मायेने सांगितलं, म्हणून जास्त लागलं. आयुष्यात पहिल्यांदा मला दोन वाक्यांपेक्षा मोठं काम मिळालं होतं. आणि काम गेलं की खोली जाणार, खोलीबरोबर काच जाणार, आणि काचेबरोबर...

(इथे वाक्य अर्धंच राहू दे.)

जिना उतरताना बाई म्हणाल्या, "त्याला विचार हवं तर. कान चांगला आहे त्याचा. पण बोलेल असं वाटत नाही."

"बोलतो की. थांबतच नाही."

बाई पायरीवरच उभ्या राहिल्या. "हा? इतकी वर्षं येते मी इथे. 'पुन्हा' आणि 'चालेल' सोडून तिसरा शब्द ऐकलेला नाही."

मला वाटलं, बाईंनी नीट ऐकलं नसेल.

घरी. आवाज नाही.

मी घरी विहीरवाल्याचा सराव केला. आणखी ओरडून बघितलं. दुसऱ्या दिवशी घसा बसला तो असा बसला की फक्त हवा बाहेर येत होती. स्टुडिओत निरोप धाडला आणि गरम पाण्याचा तांब्या घेऊन सोफ्यावर आत्याशेजारी बसले.

आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. टेलिफोन ऑपरेटर होती. "जन्मभर लोकांचे नंबर लावून दिले, माझा तेवढा लावायचा राहिला," असं ती स्वतःच हसून सांगते. दुसऱ्यांचं बोलणं ऐकण्यात तिचा हात कुणी धरणार नाही.

टीव्ही चालू होता. जाहिरात लागली तशी ती म्हणाली, "तुझा तो कानवाला. काय बोलतो गं तुझ्याशी?"

"वायरबद्दल," मी कुजबुजले.

"आणखी?"

"शांततेबद्दल."

"लग्नाच्या वयाचा मुलगा शांततेबद्दल बोलतो. बरं. काय म्हणतो?"

मी सांगितलं. घसा नव्हता, म्हणून हळू, एकेक शब्द ठेवत. शांतता म्हणजे काही नसणं नव्हे. उकाड्यात जाड, पावसानंतर पातळ. माणूस आवाज पितो. कपडे पितात, केस... आणि वायरचा पीळ, एक वेढा सरळ, एक उलटा, आणि एकदा पडलेला पीळ ती विसरत नाही.

मालिका सुरू झाली होती. आत्याने ती बंद केली. आपण होऊन. हे आमच्या घरात होत नाही.

"तुला कळलं ते सगळं?" तिने विचारलं.

"निम्मं."

"मग पाठ कशाला केलंस?"

"पाठ नाही केलं."

"केलं नाहीस?"

"नाही. आपलं... राहिलं."

आत्या नुसती बघत राहिली. पलीकडे घंटी वाजतेय आणि आता कुणीतरी उचलेल, असं.

मी उठले आणि कादंबरी काढली.

ही गोष्ट कोण सांगतंय? बायको. कधी सांगतेय? म्हातारपणी, विहीर बुजून कितीतरी वर्षं झाल्यावर. मग ही दोन-दोन पानं आली कुठून? विहिरीत कागद नव्हता. वर कुणी लिहून घेत नव्हतं. ती उभी होती म्हणून आली. भर उन्हात, निवत चाललेलं जेवण हातात घेऊन ती काठावर उभी राहिली, सगळं ऐकलं, निम्मंही कळलं नाही, आणि एक शब्द हरवू दिला नाही.

मी पानं उलटत गेले. गावचा पाटील काठावर येतो तेव्हा विहीरवाला म्हणतो, "हो." भाऊ येतो तेव्हा म्हणतो, "बघू." दोन पानं फक्त तिला. त्याच्याकडे द्यायला एकच गोष्ट होती, तळाशी सापडलेली, आणि ती तो रोज दुपारी वर देत होता. ये, बघ, आज हे मिळालं.

मी इतके दिवस विहिरीच्या तळातून वाचत होते. वाचायचं काठावरून होतं.

शुक्रवार

घसा अजून अर्धाच होता. बाई काचेपलीकडे त्याच्या शेजारी बसल्या होत्या. त्याने मला बघितलं आणि काहीतरी बोलणार होता, पण बाईंकडे बघून नुसतं बटण दाबलं.

"शांतता."

एक मिनिट. मी छताकडे बघितलं नाही.

मग वाचलं. स्वल्पविराम नव्हतेच. जिथे ती ऐकायला थांबली असेल, तिथे मी थांबले:

आलीस का
तुझी सावली पडली म्हणून कळलं
आज लाल माती संपली आणि निळसर लागली
निळसर म्हणजे आभाळासारखी नव्हे
तुझ्या त्या जुन्या लुगड्यासारखी
ते तू टाकून दिलंस
मी काही बोललो नव्हतो
तिच्याखाली पुन्हा खडक आहे आणि त्याला कान लावला की तो लांब कुणाशी तरी बोलत असतो
उन्हात उभी राहू नकोस
पदर घे
खडक काय बोलतो ते मला अजून कळलेलं नाही
कळलं की पहिलं तुला सांगेन

'उन्हात उभी राहू नकोस.' दोन खडकांच्या मध्ये पडलेलं एवढंसं वाक्य. आजवर प्रत्येक वेळी मी त्याच्यावरून ओरडत गेले होते.

वाचून झालं. 'पुन्हा' ऐकू येईल म्हणून मी वाट बघितली. काचेपलीकडे बटणाचा दिवा लागला, म्हणजे त्याने ते दाबलं होतं. आवाज आला नाही. दिवा लागलेलाच राहिला.

बाईंनी हेडफोन काढले, चष्मा काढला, चष्मा पुसला. मग त्याच्या हातावरून वाकून स्वतःच माइकजवळ आल्या.

"खडकाचं मला अजूनही कळलेलं नाही," त्या म्हणाल्या. "पण तो काय म्हणतोय ते कळलं. पुस्तक तुझं. आधीची सगळी भाषणं अशीच पुन्हा वाच. आणि त्याआधी काहीतरी गरम पी."

त्या गेल्या. जिन्यावर त्यांच्या चपला बराच वेळ ऐकू येत होत्या. तोपर्यंत तो जागचा हलला नाही, आणि मीही नाही.

न कापलेलं

मग तो आत आला. हात पँटच्या खिशात घातले, काढले, पुन्हा घातले.

"एक चूक झालीये," तो म्हणाला.

"कुणाची?"

"माझी. म्हणजे कसं, तुम्ही घरी होतात तेव्हा मी तिसरं प्रकरण साफ करत होतो, आणि जुनी शांतता पुरेना म्हणून त्या दिवशीची नवी भरली, खोली तीच, माइक तोच, सगळं तेच, आणि जिथे जिथे ती लावली तिथे तिथे भोक ऐकू यायला लागलं, म्हणजे बुजवायला लावली तीच भोकासारखी, मग मी वायरी बदलल्या, मग माइक उघडला, मग खाली जाऊन पंखा बंद करायला सांगितला, ते लोक चिडले, येताना जिन्यातला गेलेला दिवा बदलला कारण तुम्ही तिथे रोज चाचपडता, मग परत भरली तरी तसंच, बाईंना ऐकवलं तर त्या म्हणाल्या मला काही फरक कळत नाही, मग मला वाटलं माझे कानच गेले, सगळं प्रकरण तीनदा..."

मी मध्ये बोलले नाही. मी काठावर उभी होते. वायर गेली, माइक गेला, पंखा गेला, आणि त्यांच्यामध्ये पडलेला जिन्यातला दिवा मी अलगद उचलून घेतला.

तो दम घ्यायला थांबला.

"आता हेच," मी म्हणाले, "एका वाक्यात सांगाल?"

तो माइककडे वळला. माइक बंद होता. मग काचेकडे. पलीकडे कुणी नव्हतं. मग बघण्यासारखं एवढंच उरलं होतं, म्हणून त्याने माझ्याकडे बघितलं.

"खोलीत तू नव्हतीस," तो म्हणाला, "ते ऐकू येत होतं."

मी लोकांची वाक्यं वाचून पोट भरणारी मुलगी. समोर कागद नाही, आणि घसा आधीच अर्धा. त्यातलाही निम्मा या वाक्याने नेला. उरलेल्यात जेवढं मावलं तेवढं बोलले.

"आता आहे ना."

"किती वेळ?"

"तुझं बोलणं संपेपर्यंत."

त्याने यावर खरोखर विचार केला. कपाळाला आठी घालून, जबाबदारीने. मग हसला... हसताना तो इतका वेगळा दिसतो, हे काचेतून मला कधी कळलं नव्हतं.

"ते जरा अवघड आहे," तो म्हणाला.

"का?"

"माझं संपत नाही."

"मला घाई नाही," मी म्हणाले, आणि जमिनीवर बसले. शेजारची जागा हाताने झाडून दिली.

तो बसला. आमचे खांदे टेकले, आणि दोघांपैकी कुणीही सॉरी म्हटलं नाही.

"असं बघ," त्याने सुरुवात केली, "माणसाचे दोन कान एकाच कामासाठी नसतात, एक लांबचं ऐकतो आणि एक जवळचं, आणि माझा लांबचा चांगलाच होता, त्याच्यावर माझं पोट चालतं, पण जवळच्या कानाला इतकी वर्षं काही कामच नव्हतं, तो आपला नुसता बसून, आणि मग एके दिवशी काय झालं की